"तुम्हाला काही विचारायचंय?" : मुलाखतीच्या शेवटच्या पाच मिनिटांचा उपयोग

मुलाखत संपत आली की टेबलापलीकडची व्यक्ती बायोडेटा बाजूला ठेवते आणि विचारते, "तुम्हाला काही विचारायचंय?" खासगी क्षेत्रातील बहुतेक मुलाखतींचा शेवट या प्रश्नाने होतो. त्यापुढची पाच-दहा मिनिटे उमेदवाराची असतात. तोवर कंपनीने विचारायचे आणि उमेदवाराने सांगायचे अशी वाटणी असते. इथे ती उलटते.

या वेळेचे दोन उपयोग आहेत. उमेदवाराने कामाचा किती विचार केला आहे, हे मुलाखत घेणाऱ्याला त्याच्या प्रश्नांवरून कळते. आणि ही नोकरी आपल्याला पटेल का, झेपेल का, परवडेल का, हे उमेदवाराला मिळालेल्या उत्तरांवरून कळते. मुलाखतीची तयारी करून घेताना बहुधा पहिल्या उपयोगावर भर दिला जातो आणि छाप पाडणारे प्रश्न पाठ करून घेतले जातात. खरा फायदा दुसऱ्या उपयोगात आहे. जे जाणून घेण्याची गरज आहे तेच विचारले की छाप आपोआप पडते. नुसत्या छापेसाठी विचारलेला प्रश्न अनुभवी माणसाला लगेच ओळखू येतो. म्हणून प्रश्न निवडण्याची कसोटी एकच ठेवावी : याचे उत्तर वेगळे आले तर आपला निर्णय बदलेल का? बदलणार असेल, तर तो प्रश्न विचारण्याजोगा आहे.

गप्प बसण्याची सवय

शिक्षकांनी "काही शंका?" असे विचारले की वर्ग गप्प राहतो. शंका विचारणे म्हणजे समजले नाही याची कबुली, असे मुलांच्या मनात लहानपणीच बसते. घरी मोठ्या माणसांना प्रश्न विचारला की ते उलट बोलणे ठरते. ही दोन्ही वळणे मुलाखतीच्या खोलीत सोबत येतात. त्यात गरजेची भर पडते. "मिळतेय ती नोकरी हातची घालवू नकोस" असे घरून निघताना बजावलेले असते, आणि प्रश्न विचारला तर काम बिघडेल अशी धास्ती असते. मग "नाही सर, सगळं कळलं" एवढे बोलून उमेदवार उठतो.

त्याची किंमत रुजू झाल्यावर कळते. नेमणूक कंपनीच्या रोलवर नसून कंत्राटदारामार्फत आहे, हे पहिली पगारपावती हातात आल्यावर दिसते. डिझाइनच्या कामासाठी घेतलेल्या इंजिनिअरला वर्षभर कोटेशन तयार करत बसावे लागते. पुण्यातले ऑफिस बघून होकार दिलेल्या मुलाला पहिले सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या साइटवर पाठवले जाते. यांपैकी प्रत्येक गोष्टीचा उलगडा एका वाक्याच्या प्रश्नाने झाला असता.

मुलाखत घेणाऱ्यालाही अशा प्रश्नांचा राग येण्याचे कारण नसते. तीन महिन्यांत सोडून जाणारा माणूस त्यालाही नको असतो; पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, पुन्हा शिकवणे आले. उमेदवाराने आधीच नीट विचारून घेतले तर दोन्ही बाजूंचा त्रास वाचतो.

आदल्या दिवशीची तयारी

चांगला प्रश्न खोलीत बसल्यावर सुचत नाही. त्याची सुरुवात जाहिरातीपासून करावी. जाहिरातीतली एकेक ओळ वाचून तिच्यापुढे "म्हणजे नेमकं काय?" असे लिहावे. 'गरजेनुसार प्रवास' असे म्हटले असेल तर महिन्यातले किती दिवस, आणि प्रवासाचा खर्च आधी मिळतो की बिले दिल्यावर? 'टार्गेटवर आधारित इन्सेंटिव्ह' असेल तर टार्गेट कोण ठरवते, आणि सध्याच्या टीममधल्या किती जणांचे ते पूर्ण होते? 'रोटेशनल शिफ्ट' असेल तर पाळी दर आठवड्याला बदलते की महिन्याला? जाहिरातीत जिथे शब्द मोघम आहे, तिथे प्रश्न दडलेला असतो.

त्यानंतर संस्थेची माहिती काढावी. शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या आणि बीएसईच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. नवा कारखाना कुठे उभा राहतो आहे, कर्ज वाढले की घटले, कोणत्या मालाची विक्री कमी झाली, हे त्यात असते. सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेआधी सभासदांना मिळणारा अहवाल ओळखीच्या सभासदाकडून मागून घ्यावा. ठेवी, थकबाकी आणि शाखांची संख्या त्यात असते. महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी जायचे असेल तर नॅकसाठी तयार केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल बहुधा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर सापडतो.

एमआयडीसीतल्या लहान कारखान्याची अशी कागदोपत्री माहिती मिळत नाही. तिथे गेटसमोरची चहाची टपरी उपयोगी पडते. पाळी सुटायच्या वेळी अर्धा तास थांबले तर बस येते का, माणसे ठरल्या वेळी बाहेर पडतात का, पगार तारखेला होतो का, हे सहज कळते. मात्र टपरीवर ऐकलेले मुलाखतीत जसेच्या तसे बोलू नये. त्यातून प्रश्न तयार करावा.

अशा तयारीतून पाच-सहा प्रश्न वहीत लिहून न्यावेत. मुलाखतीच्या ओघात त्यांतल्या निम्म्यांची उत्तरे मिळून जातात. उरलेल्यांपैकी दोन किंवा तीनच विचारावेत. वही उघडण्यात कमीपणा नाही. "मी काही मुद्दे लिहून आणलेत, बघितले तर चालेल ना?" असे विचारले की समोरच्याला तयारी दिसते.

कोणाला काय विचारावे

एकच प्रश्न एका माणसासमोर शोभतो आणि दुसऱ्यासमोर वाया जातो. विभागप्रमुखाच्या हाताखाली रोजचे काम करायचे असते, म्हणून त्याला कामाबद्दल, टीमबद्दल आणि अपेक्षांबद्दल विचारावे. एचआरकडे नियम, रजा, पगाराची मांडणी, प्रोबेशन आणि रुजू होण्याची तारीख हे विषय असतात. संचालक किंवा वरिष्ठ अधिकारी भेटले तर संस्था कोणत्या दिशेने चालली आहे हे विचारता येते : नवी शाखा, नवे उत्पादन, एकाच ग्राहकावर असलेले अवलंबित्व. विभागप्रमुखाला पीएफबद्दल विचारले तर "ते एचआर सांगतील" एवढेच उत्तर येते आणि मिळालेला वेळ संपतो.

लहान उद्योगात मालक स्वतःच मुलाखत घेतो. तिथे हे सगळे विषय एकाच माणसाकडे असतात, तरी क्रम पाळावा : आधी काम, मग व्यवहार.

कामाबद्दलचे प्रश्न

सर्वांत उपयोगी प्रश्न कामाबद्दलचे असतात.

*ही जागा नवीन आहे, की आधी कोणी या पदावर होते?* जागा नवीन असेल तर काम वाढते आहे, पण कामाची घडी अजून बसलेली नाही, असे समजावे. आधीच्या व्यक्तीला बढती मिळाली असेल तर वर जाण्याची वाट आहे. दोन वर्षांत तिसरा माणूस येत असेल तर कारण शोधायला हवे. "आधी जे होते ते आता कुठल्या कामावर आहेत?" असे विचारले की संकोच न होता माहिती मिळते.

*पहिल्या सहा महिन्यांत या व्यक्तीने काय करून दाखवावे, अशी अपेक्षा आहे?* ज्या साहेबाला कामाची स्पष्ट कल्पना आहे तो दोन-तीन ठोस गोष्टी सांगतो. "सगळंच बघायचंय" असे उत्तर आले तर जबाबदारीची हद्द ठरलेली नाही, हे लक्षात ठेवावे.

*कामाचे मूल्यमापन कशावरून होते, आणि कोण करते?* विक्रीत आकडा असतो, उत्पादनात नग आणि रिजेक्शन असते, शिक्षणसंस्थेत निकाल आणि प्रवेशसंख्याही असते. खासगी महाविद्यालयात प्रवेश आणण्याचे काम शिक्षकांवर असते का, हे आधी कळलेले बरे.

*सध्या विभागापुढची सर्वांत मोठी अडचण कोणती?* या प्रश्नाने बोलणे मोकळे होते. अडचण ऐकल्यावर आपल्याकडे तिच्याशी जुळणारा अनुभव असेल तर तो दोन वाक्यांत सांगण्याची संधीही मिळते.

*नव्या माणसाला शिकवण्याची काय पद्धत आहे?* कोणा अनुभवी माणसाच्या हाताखाली ठेवतात, की पहिल्याच दिवसापासून एकट्याने उभे करतात? नवख्या उमेदवारासाठी पहिल्या पगारातल्या दोन हजारांच्या फरकापेक्षा हे उत्तर मोलाचे असते.

एक प्रसंग, जवळून

समजा, मेकॅनिकल डिप्लोमा झालेली एक मुलगी चाकणच्या वाहनभाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात ट्रेनीच्या जागेसाठी आली आहे. मुलाखतीत विभागप्रमुखांच्या तोंडून सहज निघून गेले की गेल्या महिन्यात कस्टमरकडून रिजेक्शन जास्त आले. शेवटी त्यांनी विचारले, "काही विचारायचंय?"

ती म्हणते, "सर, मघाशी तुम्ही रिजेक्शनचं म्हणालात. तो माल फायनल इन्स्पेक्शनमधून सुटला होता, की येणाऱ्या कास्टिंगमध्येच दोष होता?"

साहेब पुढे सरकतात, कोरा कागद ओढतात आणि भागाची आकृती काढून दाखवतात. बोअर मोठा झाला होता. इनकमिंगला सॅम्पल घेऊन तपासणी होते, त्यात तो लॉट निघून गेला.

"मग या जागेवरच्या व्यक्तीने इनकमिंग बघायचंय, की लाइनवर थांबायचंय?"

"पहिले तीन महिने इनकमिंग. नंतर लाइनवर, शिफ्टमध्ये."

"शिफ्टमध्ये क्वालिटीचं सीनियर कोणी सोबत असतं का?"

थोडे थांबून उत्तर येते, "दुसऱ्या शिफ्टला सध्या ट्रेनीच असतो. आम्ही फोनवर असतो."

"अशा वेळी संशय आला तर लॉट होल्ड करायचा अधिकार त्याला आहे का, सर?"

या चार प्रश्नांपैकी पहिला आधी ठरवून आणलेला असणे शक्यच नव्हते. तो कान देऊन ऐकण्यातून आला. पुढचे तीन त्याच धाग्याने आले. विभागप्रमुखांना कळले की या मुलीला तपासणीचे काम समजते. आणि मुलीला कळले की तीन महिन्यांनंतर संध्याकाळच्या पाळीत माल पास करायचा की अडवायचा, हे तिला एकटीला ठरवावे लागेल. होल्ड करण्याचा अधिकार आहे असे उत्तर आले, तर ती जागा झपाट्याने शिकण्याची आहे. अधिकार नाही पण जबाबदारी आहे असे दिसले, तर दोष तिच्या माथी येण्याची शक्यता आहे. निर्णय तिचा, पण आता तो माहितीवर उभा आहे.

विचारण्याची पद्धत

ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात संपते, असा प्रश्न शक्यतो टाळावा. "ट्रेनिंग देता का?" याचे उत्तर 'हो' असेच येणार. "पहिला महिना कसा जातो?" असे विचारले की खरी माहिती येते. "ग्रोथ आहे का?" यापेक्षा "तीन वर्षांपूर्वी या जागेवर लागलेले लोक आज काय करतात?" हा प्रश्न चांगला. "कामाचा ताण जास्त असतो का?" याऐवजी "टीम साधारण किती वाजता निघते, आणि महिनाअखेरीला किती उशीर होतो?" असे विचारावे. प्रश्नात वेळ, आकडा किंवा घडलेली गोष्ट आली की उत्तरही तितकेच नेमके येते.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा. लांबलचक प्रस्तावना नको. प्रश्नाच्या निमित्ताने स्वतःचे ज्ञान दाखवायला गेले की ऐकणाऱ्याला ते जाणवते. सूरही महत्त्वाचा आहे. "तुमच्याकडे माणसं टिकत का नाहीत?" ही उलटतपासणी झाली; "या विभागात लोक साधारण किती वर्षं असतात?" ही चौकशी झाली. माहिती तीच मिळते.

मुलाखत मराठीत झाली असेल तर प्रश्नही मराठीतच विचारावेत. शेवटी उगाच इंग्रजीत शिरण्याची गरज नसते. मुलाखत इंग्रजीत असेल आणि इंग्रजीची भीती वाटत असेल तर दोन प्रश्न लिहून घरी मोठ्याने चार वेळा बोलून पाहावेत. छोटी, साधी वाक्ये पुरतात.

पगार, पीएफ आणि करार

पगाराबद्दल विचारणे गैर नाही. फक्त त्याची वेळ ठरलेली असते. पहिल्या फेरीत विभागप्रमुखासमोर पगाराचा विषय उमेदवाराने काढू नये. एचआरची फेरी असेल, किंवा निवड झाल्याचे सांगितले गेले असेल, तेव्हा मात्र हा विषय नीट समजून घ्यावा, आणि होकार देण्याआधीच घ्यावा.

कंपनी सीटीसीचा, म्हणजे कर्मचाऱ्यावर होणाऱ्या तिच्या एकूण खर्चाचा आकडा सांगते, हातात पडणारा पगार त्याहून कमी असतो. एक उदाहरण पाहावे. सीटीसी वर्षाला ४,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ३५,००० असे सांगितले गेले. मूळ पगार १७,५०० आहे. सीटीसीतला दहा टक्के भाग, म्हणजे महिन्याला ३,५००, कामगिरीवर अवलंबून असून वर्षाअखेरीस मिळायचा आहे. कंपनीचा पीएफचा वाटा मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे २,१००, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ८४२ रुपये हेही सीटीसीतच धरलेले आहे. हे वजा करून २८,५५८ उरतात. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफचा वाटा २,१०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात पडतात सुमारे २६,२५८. मनातला हिशेब पस्तीस हजारांचा आणि खोलीभाडे, मेस, प्रवास हे सगळे सव्वीस हजारांत बसवायचे, अशी अनेकांची गत इथेच होते. म्हणून "सीटीसीची फोड लेखी मिळेल का? त्यात बदलता भाग किती आहे आणि गेल्या वर्षी तो किती मिळाला?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवली तरी ती साधारणपणे सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांनुसार निश्चित मुदतीच्या करारावरील कर्मचारी एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीला पात्र ठरतो. नियुक्तिपत्र देणेही आता बंधनकारक आहे. त्यामुळे "नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे, निश्चित मुदतीची आहे, की कंत्राटदारामार्फत? नियुक्तिपत्र कोणाच्या नावाने मिळेल?" हा प्रश्न कायद्याला धरूनच आहे. अप्रेंटिस म्हणून घेणार असतील तर तेही स्पष्ट करून घ्यावे. अप्रेंटिसला पगार नव्हे तर विद्यावेतन मिळते, आणि मुदत संपल्यावर कायम नोकरी मिळेलच असे नसते.

बाँडबद्दल गैरसमज फार आहेत. "बाँड कोर्टात टिकत नाही" असे मित्रमंडळी बिनधास्त सांगतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो. पण ठरावीक काळ नोकरी करण्याची आणि मध्येच सोडल्यास वाजवी भरपाई देण्याची अट वेगळी. एका सार्वजनिक बँकेच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये द्यावेत, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. म्हणून बाँड आहे का, किती काळाचा, रक्कम किती, आणि तो कोणत्या प्रशिक्षणापोटी आहे, हे सहीआधी विचारावे. मूळ गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र कंपनीकडे ठेवावे लागणार का, हेही विचारावे. ते ठेवून घेणारी नोकरी स्वीकारू नये, हे उत्तम.

नोटीस पिरियडचाही विचार करावा. तो एक महिन्याचा आहे की तीन महिन्यांचा, प्रोबेशनमध्ये वेगळा आहे का, यावर पुढची नोकरी बदलणे किती सोपे किंवा अवघड होईल ते ठरते.

महिला उमेदवारांसाठी पाळीच्या वेळा आणि वाहनव्यवस्था हे सुरक्षिततेचे विषय आहेत. ते विचारताना संकोच नसावा. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांना लागू असलेल्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीशिवाय काम देता येत नाही, आणि दिल्यास सुरक्षेची व्यवस्था करावी लागते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. प्रसूती रजा, पाळणाघर यांविषयी मात्र निवडीनंतर एचआरकडून लेखी धोरण मागून घेणे सोयीचे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद कायद्यातच आहे.

टाळायचे प्रश्न

संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर ज्याचे उत्तर आहे, तो प्रश्न विचारू नये; "कंपनी काय बनवते?" या प्रश्नाने सगळी मेहनत वाया जाते. पहिल्याच भेटीत रजा किती, सुट्ट्या किती, घरून काम किती दिवस, यांची रांग लावू नये. मुलाखत घेणाऱ्याचे वय, कुटुंब, पगार अशा खासगी गोष्टींत शिरू नये. "माझं सिलेक्शन झालं का?" हा प्रश्न समोरच्याला अडचणीत टाकतो. त्याऐवजी "पुढची फेरी कधी असेल, आणि निर्णय साधारण कधीपर्यंत कळेल?" असे विचारावे. हा प्रश्न बहुतेक मुलाखतींत चालतो आणि तिथे शेवटी तो विचारावाच.

एक गोष्ट विचारण्याची नव्हे, ओळखण्याची आहे. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश किंवा अनामत रक्कम म्हणून आधी पैसे मागितले गेले, तर तिथून उठून यावे. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

मुलाखतीच्या प्रकारानुसार फरक

कॅम्पस मुलाखतीत कंपनीची माहिती आधीच्या सादरीकरणात दिली जाते. कामाचे ठिकाण, प्रशिक्षणाचा काळ, बाँड हे प्रश्न तिथेच सर्वांसमोर विचारावेत. सगळ्या मुलांना उपयोग होतो. व्यक्तिगत मुलाखतीत मग कामाबद्दल बोलता येते.

वॉक-इन मुलाखतीत बाहेर शंभर जण रांगेत असतात. तिथे एकच प्रश्न विचारावा, तोही नेमणूक कोणाच्या रोलवर आणि कुठे, हा.

ऑनलाइन मुलाखतीत आवाज अडखळतो, दोघे एकदम बोलतात. प्रश्न विचारून झाल्यावर दोन क्षण थांबावे. कागद कॅमेऱ्याजवळ ठेवला तर नजर खाली जात नाही.

आयटी कंपन्यांत नेमणूक आणि प्रोजेक्ट या वेगळ्या गोष्टी असतात. "ही निवड ठरावीक प्रोजेक्टसाठी आहे, की रुजू झाल्यावर प्रोजेक्ट मिळेल? तोपर्यंत बेंचवर किती काळ जाऊ शकतो?" हे हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठेही विचारण्यासारखे आहे.

सरकारी भरतीचे गणित निराळे. केंद्र सरकारच्या गट ब अराजपत्रित, क आणि ड पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. यूपीएससी किंवा एमपीएससीच्या मुलाखतीत वेतन, सेवाशर्ती, पदांची संख्या सगळे आधीच जाहीर असते. तिथे मंडळाला प्रश्न विचारण्याची प्रथा नाही. मंडळाने आपणहून विचारले तरच बोलावे. एरवी आभार मानून उठावे.

उत्तर ऐकताना आणि त्यानंतर

प्रश्न विचारून झाला की उमेदवाराचे निम्मे काम उरते : उत्तर ऐकणे. समोरचा बोलत असताना पुढचा प्रश्न मनात जुळवत बसू नये. उत्तरात आलेला एखादा शब्द पकडून छोटा पुढचा प्रश्न विचारावा. चाकणच्या उदाहरणात तेच घडले. उत्तर न मिळाल्याचेही काही सांगणे असते. सरळ प्रश्नावर विषय बदलला गेला, दोन माणसांनी एकाच गोष्टीची दोन उत्तरे दिली, किंवा "आधी जॉइन व्हा, मग बघू" असे म्हटले गेले, तर ते नोंदवून ठेवावे. एका मोघम उत्तरावरून नोकरी नाकारू नये, पण लेखी खुलासा मिळेपर्यंत होकारही देऊ नये.

सगळे प्रश्न आधीच सुटले असतील तर ओढूनताणून विचारण्याची गरज नाही. "कामाचं स्वरूप आणि शिफ्टबद्दल मी विचारणार होतो, ते तुम्ही मघाशीच सविस्तर सांगितलंत. पुढची प्रक्रिया तेवढी सांगाल का?" एवढे पुरते. यातून ऐकल्याचीही पावती जाते.

बाहेर पडल्यावर बसमध्ये बसण्याआधीच उत्तरे वहीत लिहावीत. चार मुलाखती झाल्या की कोणी काय सांगितले याची सरमिसळ होते. त्याच दिवशी चार ओळींचा आभाराचा मेल पाठवावा आणि त्यात ठरलेल्या गोष्टीचा उल्लेख करावा : "आपण सांगितल्याप्रमाणे पहिले तीन महिने इनकमिंग विभागात काम असेल, त्यासाठी मी तयार आहे." तोंडी सांगितलेली गोष्ट त्यामुळे लेखी होते. ऑफर लेटर आल्यावर ते या नोंदीशी ओळीओळीने ताडून पाहावे, आणि फरक दिसला तर सहीआधी विचारावे.

मुलाखतीला जाणाऱ्याने वहीच्या पानावर निदान तीन प्रश्न लिहून न्यावेत : एक कामाचा, एक माणसांचा, एक व्यवहाराचा. नोकरी मिळणे न मिळणे पुष्कळदा आपल्या हातात नसते. ती कशी आहे हे विचारून घेणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते.